डावीकडे बघणारी पोरं

टिंबूताईला कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती ओ देत नसे, इतकं ते टोपणनाव तिच्या अंगवळणी पडलं होतं. ते मिळालं खेळण्यांच्या कारखान्यात. तिथे एक लांबट खोली होती, तिला सगळे डोळ्यांची खोली म्हणत. साच्यातून निघालेले बाहुले त्या खोलीत येत ते आंधळेच. कपडे रंगवलेले, केस रंगवलेले, डोळ्यांच्या जागी नुसते दोन पांढरे ठिपके. त्या पांढऱ्यात बुबुळ बसवायचं काम बारा बायकांकडे होतं. चार केसांचा ब्रश, काळा रंग आणि एक टिंब. म्हटलं तर त्यात काय मोठं, टिंबच ते. पण ते केसभर इकडचं तिकडे झालं की शूर सेनापती बावळट दिसायचा आणि खलनायक प्रेमात पडल्यासारखा. टिंबूताईचं टिंब कधी हललं नाही, म्हणून ती टिंबूताई.

त्या काळात टीव्हीवरच्या एका कार्टून मालिकेने पोराटोरांना वेड लावलं होतं. ‘सातव्या चंद्राचे पहारेकरी’. एक मोडकं यान, त्यात सहा पहारेकरी, एक विसराळू यंत्रमानव, आणि दर रविवारी सकाळी विश्व वाचवायचं. विश्वही असं नाजूक की दर रविवारी धोक्यात. त्या सहांपैकी सगळ्यात नीरस गडी म्हणजे नकाशेवाला. सेनापती तलवार फिरवायचा, डॉक्टरीण वासावरून विष ओळखायची, आणि हा पठ्ठ्या सुकाणूपुढे बसून नाकासमोर बघायचा. यानाला आग लागली तरी नाकासमोर. कारखान्यात या मालिकेचे सगळे बाहुले निघायचे आणि नकाशेवाल्याचे डोळे टिंबूताईच्या वाट्याला आले होते.

साहेब लोक बाहुल्यांना ‘नग’ म्हणायचे, बायका ‘पोरं’ म्हणायच्या. “आज किती पोरं झाली गं?” “दोन ट्रे झाल्या, तिसरी व्हायचीय.” नवी आलेली बाई हे ऐकून आधी दचकायची आणि आठवडाभरात स्वतःच तसं बोलायला लागायची. एका ट्रेमध्ये अठ्ठेचाळीस पोरं उभी असत. त्या खोलीतल्या सगळ्यात जुन्या बाईने प्रत्येकीला पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला होता. “बुबुळ काढताना समोर बघा गं बायांनो. आपण बघू तिकडे पोर बघतं.” लक्ष खिडकीकडे गेलं की टिंब खिडकीकडे सरकायचं, हात आपोआप नजरेमागे जायचा. चुकलेलं पोर थिनरने पुसायचं आणि पुन्हा काढायचं. बाराही बायका पोराचे डोळे बघून सांगायच्या की आज हिचं लक्ष दाराकडे होतं का घड्याळाकडे.

कारखान्यातली ती खोली कधीच बंद झाली. डोळे आता यंत्र छापतं आणि टिंबूताई बासष्ट वर्षांची झाली. ती तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांच्या घरात राहते. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, तो निवृत्त झाला तरी गल्लीत त्याला अजून लिफ्टवालेच म्हणतात. मुलगा कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी आणि सून घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते. बाहेरच्या खोलीत एक पूर्ण भिंतभर काचेचं कपाट आहे. त्यात सातव्या चंद्राचे झाडून सगळे पहारेकरी, त्यांचे शत्रू, त्यांची यानं, यंत्रमानवाचे सुटे हात आणि एक तीन डोकी असलेली राणी, जिचं मधलं डोकं टिंबूताईने स्वतः चिकटवलंय.

“लोकांच्या बायका सोन्यासाठी रुसतात,” लिफ्टवाले पाहुण्यांना सांगत, “माझी प्लॅस्टिकसाठी रुसते. सोनं निदान लॉकरमध्ये तरी मावलं असतं.”

पाहुणे हसत, टिंबूताईही हसे. पण त्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा पडद्यामागे होता आणि तो पाहुण्यांना दाखवायचा नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या कप्प्यात नुसते नकाशेवाले होते. सत्तेचाळीस. सगळे डावीकडे बघणारे.

बाकीचं कपाट ही खरं तर धूळफेक होती. एकाच जातीचे सत्तेचाळीस बाहुले गोळा करणाऱ्या बाईला लोक चार प्रश्न विचारतात, सगळीच खेळणी गोळा करणाऱ्या बाईला फक्त हसतात. म्हणून सेनापती आला, डॉक्टरीण आली, तीन डोक्यांची राणी आली. आता खोटं कशाला बोला, पुढे पुढे तिचा त्यांच्यातही जीव गुंतला. पण रोज सकाळी मऊ ब्रशने धूळ झटकायला ती खाली बसायची ती पडद्यामागच्यांसाठी, आणि झटकून झालं की गुडघे धरून उठेपर्यंत एकदा तरी मान डावीकडे वळायची. ती पोरं जिकडे बघत होती तिकडे.

कपाटाची जागा तिने तीनदा बदलली होती. आधी पोरं बघायची त्या बाजूला स्वयंपाकघराचं दार यायचं. एकदा लिफ्टवाले आत चहा करत होते, शिट्टी वाजवत होते, आणि शिट्टी थांबली. टिंबूताई पडदा अर्धा सोडून धावत गेली. ते बिचारे साखरेचा डबा शोधत होते.

“बोला काहीतरी,” ती म्हणाली.

“काय बोलू? साखर कुठाय?”

“गप्प नका बसू आतमध्ये.”

तेव्हापासून लिफ्टवाले बंद दाराआड गेले की काहीबाही गुणगुणत राहत, न्हाणीघरातसुद्धा. बायकोला आपल्या छातीच्या दुखण्याची काळजी वाटते अशी त्यांची समजूत होती, आणि ती त्यांना आवडायचीही. कपाट मग सरकवून अशा कोपऱ्यात नेलं की पोरांच्या नजरेपुढे कोरी भिंत आली. भिंतीवर एक खिळा होता, तोही तिने काढायला लावला. तरी काही दिवस असे जायचे की त्या भिंतीत दार आहे असं तिला वाटायचं, आणि ते नाही याची खात्री करायला ती तिथे तळहात टेकवून उभी राहायची.

पहिलं पोर तिला सापडलं ते कारखाना सोडल्यावर नऊ वर्षांनी. ती तेव्हा रबरी शिक्के करणाऱ्याच्या दुकानात उलटी अक्षरं जुळवायची. घड्याळाचा पट्टा बदलायला घड्याळजीकडे गेली, तर त्याच्या काउंटरवर नकाशेवाला उभा. गळ्यात दुरुस्तीचं घड्याळ अडकवलेलं, आणि नजर तिच्या खांद्यावरून डावीकडे. आईला गर्दीत आपलं मूल ओळखू येतं तसं तिला आपलं टिंब ओळखू आलं. घड्याळजीने ते सहज देऊन टाकलं. “न्या हो, तिरळंच आहे ते,” म्हणाला. ती घरी आली, ते कपड्यांच्या घडीखाली दडवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून जिथे जुनी खेळणी दिसतील तिथे वाकून डोळे बघायला लागली.

पुढे असं काही शोधणारी ती एकटीच नाही असं तिला कळलं. मालिका बंद पडली होती, ती पाहिलेली पोरं मोठी होऊन नोकरीला लागली होती आणि लहानपणी आईबापांनी न दिलेलं आता स्वतः विकत घेत होती. वर्षातून एकदा एका सभागृहात टेबलं मांडून त्यांचा मेळा भरे. तिथे सुनेने तिला पहिल्यांदा नेलं. काही जण खोका उघडतच नसत, बाहुला आत जन्मठेप भोगत उभा. टिंबूताईला त्याचं नवल वाटे. आणि तिथेच तिने ती गोष्ट ऐकली. टक्कल पडलेला एक भला माणूस खुर्चीवर उभा राहून सांगत होता, की नकाशेवाल्याची एक ट्रे डावीकडे बघणारी निघाली, कारण ती काढणारी बाई त्याच दिवशी कारखान्यात वारली. “शेवटची ट्रे. तिला डावीकडे मरण दिसत होतं,” तो म्हणाला, आणि चार-दोन जणांच्या अंगावर काटा आला. टिंबूताई मूग गिळून बसली.

पुढच्या काही वर्षांत त्या मेळ्यात तिचा दबदबा झाला. शेवटच्या ट्रेला मागणी वाढली तशी लबाडीही वाढली. साध्या नकाशेवाल्याची बुबुळं पुसून डावीकडे काढलेली खोटी पोरं बाजारात यायला लागली. एकदा एक दाढीवाला असंच एक घेऊन आला.

“खोटं आहे,” ती चष्मासुद्धा न लावता म्हणाली.

“कशावरून?”

“हे डावीकडे बघतंय, कारण तुम्ही त्याला बघायला लावलंय. ती ट्रे मुद्दाम नव्हती काढलेली.”

“तुम्ही तिथे होता का?”

“होते. त्याच खोलीत,” ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. पण त्यामुळे तिचा मान वाढलाच. मेलेल्या मैत्रिणीची आठवण जपणारी बाई, असं तिच्याबद्दल बोललं जायला लागलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. लोक तिचं कौतुक करत आणि तिला रात्रीचं जेवण जात नसे.

तर ती मैत्रीण. तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती अखंड चालू असायची. डोळ्यांच्या खोलीत ती टिंबूताईच्या डाव्या हाताला बसायची, आणि तिच्या पलीकडे स्टोरचं दार. स्टोर म्हणजे बिनखिडकीची खोली, आत रंगाचे डबे आणि थिनरचं पिंप. रेडिओ थिनर आणायला आत गेली तरी तिचं बोलणं बाहेर ऐकू यायचं. मुलगी चार वर्षांची होती, तिने काय खाल्लं, काय सांडलं, कुणाला काय विचारलं, हे अकरा बायकांना पाठ झालं होतं. टिंबूताई तिच्यावर खेकसायची, आणि रेडिओ एक दिवस आली नाही तर तिलाच करमायचं नाही.

त्या दिवशी सकाळी रेडिओने टिंबूताईची नक्कल केली. टिंब काढताना टिंबूताईची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायची, डावी भुवई वर जायची. नक्कल अशी हुबेहूब झाली की साहेबसुद्धा हसले. टिंबूताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने अबोला धरला. अबोला काही नवा नव्हता, दोघींचा महिन्यातून एकदा व्हायचा, आणि त्याचे नियमही ठरलेले. जी आधी बोलेल ती हरली. बहुतेक वेळा रेडिओच हरायची, तिला अर्ध्या तासाच्या वर तोंड बंद ठेवणं जमायचंच नाही.

दुपारी साडेतीनला टिंबूताईने नवी ट्रे घेतली. चारला माल जायचा होता. रेडिओ डबा घेऊन स्टोरमध्ये गेली, आतून तिचं बोलणं चालू होतं. टिंबूताईचं नाव न घेता ती टिंबूताईलाच ऐकवत होती. “काही माणसांना हसायचा पण कर भरावा लागतो वाटतं.” मग काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. मग आवाज थांबला.

टिंबूताईने दाराकडे बघितलं आणि टिंब काढलं.

तिला वाटलं, आता हिनेही अबोला धरला. आत बसलीय, मी समजूत काढायला येईन म्हणून वाट बघतेय. जाते कशाला. तिने दुसरं पोर घेतलं, परत दाराकडे बघितलं. तिसरं. दहावं. मनात कुठेतरी बारीक पाल चुकचुकत होती, आणि तिने ती ऐकली होती, नाही असं नाही. पण उठून दार उघडायचं आणि आतून रेडिओने “हरलीस” म्हणून हसायचं, आणि सगळ्या खोलीने हसायचं, हे तिला त्या दिवशी सोसवलं नसतं. तेवढ्यासाठी ती बसून राहिली. एकेक पोर अर्ध्या मिनिटाचं. अठ्ठेचाळीस पोरं झाली, तिने ब्रश ठेवला, उठली आणि दार उघडलं.

थिनरचं पिंप कलंडलं होतं. रेडिओ त्याच्याशेजारी कुशीवर पडली होती.

आरडाओरडा, धावाधाव, डॉक्टर, सगळं झालं. त्या गोंधळात साहेब सवयीने ओरडले, “ट्रे लावा, चिठ्ठ्या लावा, गाडी उभीय.” प्रत्येक ट्रेवर काढणारीच्या नावाची चिठ्ठी लागायची. टिंबूताईने आपल्या ट्रेकडे बघितलं तेव्हा तिला कळलं. अठ्ठेचाळीस पोरं स्टोरच्या दाराकडे बघत होती. पहिलं जरासंच, पुढे पुढे जास्त, आणि शेवटच्याचं बुबुळ पार कोपऱ्याला टेकलेलं. खोलीतल्या कुठल्याही बाईने ती ट्रे बघितली असती तर एका नजरेत वाचलं असतं, की ही बाई सगळा वेळ त्या दाराकडे बघत होती आणि उठली नाही. पुसायला वेळ नव्हता. तिने डावा हात लांब करून शेजारच्या टेबलावरची रेडिओची चिठ्ठी उचलली आणि आपल्या ट्रेवर लावली. रेडिओची अर्धी झालेली ट्रे शेजारी होती, तिच्यावर आपली लावली.

बायकांनी ती ट्रे बघितली आणि रडल्या. बिचारीला आधीपासूनच कसंतरी होत असणार, म्हणाल्या. डोळे पुसून परत काढायला कुणाचा हात धजला नाही. मेलेल्या बाईच्या हातचं म्हणून साहेबांनीही ती ट्रे तशीच जाऊ दिली. चौकशीच्या वेळी टिंबूताईला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “माझी मान खाली होती. मला काही दिसलं नाही.” त्याच चौकशीत डॉक्टर म्हणाले, की थिनरच्या वाफेने गुदमरली, पहिल्या दहा मिनिटांत उघड्यावर आणलं असतं तर बाई वाचली असती. हे तिने ऐकलं आणि घरी जाऊन भाकड गाईसारखी नुसती बसून राहिली. लिफ्टवाल्यांना वाटलं, मैत्रिणीचं दुःख.

चोवीस वर्षं गेली. सुनेने कौतुकाने कपाटाचा फोटो काढून मेळ्याच्या लोकांच्या ग्रुपवर टाकला, पडद्यासकट. आणि एके दिवशी ती फोन हातात घेऊन आली.

“आई, एका मुलीचा मेसेज आलाय. ती त्या बाईंची मुलगी आहे, शेवटच्या ट्रेवाल्या. तिला तुम्हाला भेटायचंय.”

टिंबूताई तेव्हा राणीच्या मुकुटावरची धूळ काढत होती. ती म्हणाली, माझं डोकं दुखतंय. पुढच्या आठवड्यात म्हणाली, गुडघे. तिसऱ्यांदा काहीच सुचलं नाही. सून म्हणाली, “तिला काही विकत नकोय हो आई, नुसतं बघायचंय.” मग रविवार ठरला. त्या सकाळी टिंबूताईने सून आणि लिफ्टवाले दोघांनाही याद्या देऊन बाजारात पिटाळलं. मुलीला काय सांगायचं हे तिने ठरवलं होतं. काही सांगायचं नाही, चहा द्यायचा, पोरं दाखवायची आणि वाटेला लावायचं.

मुलगी अठ्ठावीस वर्षांची, उंच, कमी बोलणारी निघाली. त्याचं टिंबूताईला आश्चर्य वाटलं. पोस्टात पत्रं लावायचं काम करते म्हणाली. मावशीने वाढवलं. चहाला हात न लावता तिने पिशवीतून चष्म्याची जुनी डबी काढली, आणि डबीतून नकाशेवाला.

“हे आईचं,” ती म्हणाली. “साहेब घरी आणून देऊन गेले होते. मला तिचं काहीच आठवत नाही हो मावशी. फोटो एकच आहे, त्यातही ती हललीय. फोटो काढतानाही बोलत होती म्हणे. तिच्या हातचं असं एवढंच आहे माझ्याकडे.”

टिंबूताईने पडदा बाजूला केला. मुलगी जमिनीवर मांडी घालून बसली आणि एकेक पोर बघत गेली.

“ही ओळीने लावलीयत तुम्ही,” ती म्हणाली. “हे थोडंसं बघतंय, हे जास्त. आणि हे शेवटचं तर पार कोपऱ्यात. दिवसभर पत्रं लावते ना, डोळ्यांना सवय झालीय.” मग तिने मान वर केली. “आईच्या डाव्या हाताला काय होतं?”

“दार,” टिंबूताई म्हणाली. ते खोटं नव्हतं.

“वाटलंच मला. माझी बालवाडी चारला सुटायची, ती न्यायला यायची. दाराकडे बघत असणार, कधी निघतेय म्हणून. मी लहानपणापासून मनात तसंच धरून चाललेय. कामात घाई झाली की ह्याला बघते आणि म्हणते, बघ, आईलाही घरी यायची घाई असायची.”

एक ‘हो’ म्हणायचं होतं. एवढ्या मोठ्या आयुष्यात कुणाला एवढ्या स्वस्तात सुख देता येत नाही. टिंबूताईने तोंड उघडलंही. पण मुलगी पुढे सरकली आणि तिने टिंबूताईचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“तुम्ही आईचं किती जपलंत, मावशी. सख्ख्या बहिणीनेही एवढं केलं नसतं.”

टिंबूताईने हात ओढून घेतला.

“ही ट्रे तुझ्या आईची नाही,” ती म्हणाली. “माझी आहे.”

मग तिने सगळं सांगितलं. नक्कल, अबोला, स्टोरमधून ऐकवलेलं ते शेवटचं वाक्य, आपटल्याचा आवाज, चिठ्ठी. हातचं काही राखलं नाही. मधे एकदा “मला वाटलं ती मुद्दाम गप्प बसलीय” असं म्हणाली, आणि ते सांगताना आपण स्वतःची बाजू मांडतोय हे तिलाच ऐकू आलं, म्हणून ती पुढे म्हणाली, “पण आवाज ऐकला होता मी. आपटल्याचा. तो ऐकूनही बसून राहिले.”

मुलगी रडली नाही. तिने हात मांडीवर ठेवले होते, ते तसेच राहिले.

“मग आईची कुठली?”

“अर्धी झालेली ट्रे होती, तिच्यावर माझी चिठ्ठी लावली. ती सगळी समोर बघतात. बाजारात गेली, बाकीच्या हजारोंसारखी. मलासुद्धा आता ओळखता यायची नाहीत.”

“एकेकाला किती वेळ लागायचा?”

“अर्धं मिनिट.”

“आणि डॉक्टर काय म्हणाले होते? माझी मावशी मला कधी सांगायचीच नाही.”

टिंबूताईला वाटलं, हे तरी विचारायला नको होतं. “दहा मिनिटांत बाहेर काढली असती तर वाचली असती, म्हणाले.”

“म्हणजे कितव्यापर्यंत?”

“विसाव्या.”

मुलीने बोट ठेवत ठेवत मोजलं. पत्रं मोजणाऱ्या माणसाचं मोजणं, पटापट, ओठ न हलवता. विसाव्यापाशी तिने तळहाताची कड उभी टेकवली. तिच्या हाताच्या अलीकडे जरा जरा डावीकडे बघणारी पोरं होती आणि पलीकडे बाकी सगळी. टिंबूताई कोऱ्या भिंतीकडे बघत होती, आणि तिथे दार असतं तर बरं झालं असतं असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

“माझं कितवं?” मुलीने दुसऱ्या हाताने डबीतलं पोर पुढे केलं.

टिंबूताईने चष्मा लावला. पोर हातात घेऊन ती खिडकीपाशी गेली, उजेडात धरलं, परत येऊन नवव्याशेजारी धरलं, मग दहाव्या, मग पुढच्या. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती, ते तिच्या लक्षात नव्हतं. मुलगी मात्र पोराकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत होती.

“विसाव्याच्या आत आहे. अकरावं.”

“नक्की? मला बरं वाटावं म्हणून सांगत नाही ना?”

“नाही. दहाव्याच्या पुढचं आहे, अकरावंच आहे.”

मुलीने रांगेत जागा करून ते अकराव्या ठिकाणी उभं केलं. अठ्ठेचाळीस पूर्ण झाली. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा बघितलं, मग आपलं पोर उचललं आणि डबीत ठेवून डबी मिटली.

“हे काढलंत तेव्हा आई होती,” ती म्हणाली. “हे मी नेते. बाकीची तुमची, बाई.”

तिने चहाचा कप उचलून आत मोरीत नेऊन ठेवला, दाराशी चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.